पावागडाचा माथा, बडोद्याचा पायथा

व्यापाऱ्यास मुद्दल आणि व्याज यांतील भेद कोणी समजावून सांगावा लागत नाही. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर जो घर चालवतो, त्याची पेढी पिढ्यान्‌पिढ्या टिकते; मुद्दल मोडून जो काही वर्षे थाटात राहतो, त्याच्या दाराला एक दिवस कुलूप लागते. हाच न्याय पाण्यासही लागू आहे. डोंगरावरील माती, गवत आणि झाडझाडोरा हे पाण्याचे मुद्दल होय. त्या मुद्दलाच्या पोटी जे पाणी पावसाळ्यानंतरही झिरपत राहते, विहिरींस झरे पुरवते आणि तलाव भरते, ते त्याचे व्याज. आमच्या बडोदे शहराचे हे मुद्दल कोठे ठेवलेले आहे, ते झिजते कसे, इतरत्र लोकांनी एकत्र येऊन ते पुन्हा कसे उभे केले, आणि या कामी व्यापारी महाजनांचा वाटा कोणता असावा, याचा विचार या लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

बडोद्याची नदी आणि बडोद्याचे तळे

शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर पंचमहाल जिल्ह्यात हालोलजवळ पावागडचा डोंगर उभा आहे. सभोवारच्या सपाट प्रदेशातून तो एकदम वर येतो आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंची गाठतो. आमचे शहर मात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५ ते ४० मीटर उंचीवर वसलेले आहे. विश्वामित्री नदी या पावागडाच्या परिसरात उगम पावते, पश्चिमेकडे वाहत येऊन सयाजीबागेला वळसा घालते, काळ्या घोड्याजवळच्या पुलाखालून शहर ओलांडते, पुढे ढाढर नदीस मिळते आणि अखेर खंभातच्या आखातास जाते.

याच नदीवर श्रीमंत सयाजीराव महाराज तिसरे यांनी आजवा येथे मातीचे धरण बांधून सयाजी सरोवर निर्माण केले. १८८५ साली काम सुरू झाले आणि १८९२ साली नळांवाटे शहरास पाणी मिळू लागले. तत्पूर्वी बडोदेकर विहिरी, वाव आणि नदी यांवर अवलंबून असत. आज शहर फार वाढले असून महीच्या काठच्या विहिरींतूनही पाणी आणावे लागते. तथापि शहराच्या पूर्व भागातील कितीतरी घरांत अजूनही आजव्याचेच पाणी येते. पावसाळ्यात आजव्याची पातळी किती फुटांवर गेली, ही बातमी बडोद्यात बाजारभावाइतक्याच उत्सुकतेने विचारली जाते. तिचे कारण सर्वांस ठाऊक आहे. तळे भरले नाही तर उन्हाळ्याची काळजी, आणि ते ओसंडले तर विश्वामित्रीची काळजी.

ही दुसरी काळजी अलीकडच्या वर्षांत वाढली आहे. १९२७ सालच्या जुलैतील महापुराच्या गोष्टी जुन्या घरांतून सांगितल्या जात असत. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात शहरावर सुमारे २० इंच पाऊस कोसळला. २०२४ च्या ऑगस्टअखेर नदीने ३७ फुटांच्या आसपास पातळी गाठली, म्हणजे धोक्याच्या खुणेपेक्षा दहा फुटांहून अधिक. दुकानांच्या तळघरांत व गुदामांत भिजलेला माल कित्येक सभासदांनी स्वतःच्या हातांनी बाहेर काढला आहे. त्याचे वर्णन येथे करण्याची आवश्यकता नाही. २०२५ साली पावसाळ्यापूर्वी नदीचे पात्र रुंद व खोल करण्याचे मोठे काम शहरात झाले. ते आवश्यक होते. परंतु नदी शहरात येते तेव्हा ती अर्धीअधिक वयात आलेली असते. तिचे बालपण डोंगरावर आणि डोंगरापायथ्याच्या शेतांत गेलेले असते, आणि स्वभाव तेथेच घडतो.

पाणलोट म्हणजे काय

नदीच्या अथवा ओढ्याच्या एखाद्या ठिकाणी ज्या ज्या जमिनीवरील पावसाचे पाणी उतरून येते, ती सारी जमीन मिळून त्या ठिकाणचे पाणलोट क्षेत्र होते. त्याच्या सीमा गावांच्या वा तालुक्यांच्या सीमांशी जुळत नाहीत; त्या डोंगराच्या धारेने ठरतात. धारेच्या अलीकडे पडलेला थेंब आपल्याकडे येतो, पलीकडे पडलेला दुसऱ्या नदीकडे जातो.

एक लहानसा हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. त्या मानाने एक हेक्टर उतारावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी झाले. आता हा उतार दोन प्रकारचा असू शकतो. पहिल्यावर गवताचे आच्छादन आहे, झाडांच्या मुळांनी माती भुसभुशीत राहिली आहे, पालापाचोळा साचला आहे. तेथे थेंबाचा मार पानांवर विरतो, पाणी गवतातून वाट काढीत सावकाश उतरते आणि त्यातील बरेचसे जमिनीत मुरते. दुसरा उतार उघडा आहे. तेथे थेंब थेट मातीवर आपटतो, तिची छिद्रे बुजवतो, आणि पाणी एकदम धावू लागते. धावत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याच्या अंगचा जोर चौपट होतो, हा निसर्गाचा नियम आहे. असे पाणी आपल्याबरोबर माती घेऊन निघते. दोनच घटकांत ओढा फुगतो आणि चार दिवसांत कोरडा पडतो.

उघड्या डोंगराची हानी म्हणून दुहेरी असते. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई ही एकाच कारणाची दोन फळे आहेत. तिसरी हानी डोळ्यांस लगेच दिसत नाही. वाहून आलेली माती तलावाच्या तळाशी गाळ होऊन बसते, आणि जितका गाळ चढेल तितकी पाण्याची जागा कमी होते. तळ्यातील गाळ म्हणजे डोंगराचे वाहून आलेले मुद्दलच होय.

कामाची रीत

हे मुद्दल राखण्याची रीत सोपी आहे, पण तिला क्रम आहे. जाणकार तिला ‘माथा ते पायथा’ असे म्हणतात. काम डोंगराच्या माथ्यावरून सुरू करावयाचे आणि एकेक पायरी खाली यावयाचे. अगदी वर झाडोरा व गवत राखावयाचे. त्याखाली उताराला आडवे, एकाच पातळीत, सलग समतल चर खणावयाचे, म्हणजे पाणी प्रत्येक चरात थांबते आणि मुरते. चराच्या भरावावर रोपे व गवताचे बी लावावयाचे. घळींत लहान लहान दगडी बांध घालावयाचे, म्हणजे ओघळ खोल होत नाही. शेतांना बांधबंदिस्ती करावयाची. सर्वांत शेवटी खाली नाल्यावर मातीचे वा सिमेंटचे बंधारे. हा क्रम उलटा केला, म्हणजे वरचा उतार उघडाच ठेवून खाली बंधारा बांधला, तर तो काही पावसाळ्यांतच गाळाने भरून जातो आणि खर्च वाया जातो.

ही रीत नवी आहे असे कोणी समजू नये. पावागडावर जे यात्रेस गेले आहेत त्यांनी तिचा जुना नमुना पाहिलेलाच आहे. वरच्या पठारांवर दुधिया व छासिया तलाव, मधल्या टप्प्यावर माचीच्या परिसरात तेलिया तलाव, आणि डोंगर उतरल्यावर चांपानेरजवळ विस्तीर्ण वडा तलाव. एका टप्प्यावरचे पाणी अडवून मगच पुढच्या टप्प्यावर सोडण्याची योजना त्या काळच्या लोकांनी केली होती. आमच्या जैन मंदिरांचे समूह याच तलावांच्या आसपास उभे आहेत. दिगंबर परंपरेत तर पावागड हे सिद्धक्षेत्र मानले जाते. जेथे वस्ती व तीर्थ, तेथे पाण्याची व्यवस्था आधी, हा विवेक पूर्वजांस होता. चांपानेर-पावागडच्या या साऱ्या स्थळास २००४ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तीत किल्ला व मशिदी-मंदिरांबरोबर पाण्याच्या या रचनेचाही मोठा भाग आहे.

रीत ठाऊक आहे, तरी डोंगर उघडे का राहतात? याचे उत्तर स्थापत्यशास्त्रात नाही. ते माणसांच्या व्यवहारात आहे. डोंगर ज्यांच्या दाराशी आहे त्यांस गुरे चारावयाची असतात, चूल पेटवावयाची असते. शहराच्या तळ्यात गाळ जातो म्हणून त्यांनी आपली बकरी उपाशी का ठेवावी? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ज्यांनी दिले, त्यांचेच काम टिकले. त्याची काही उदाहरणे येथे देत आहोत.

सुखोमाजरीचा धडा

चंदीगड शहर वसवले गेले तेव्हा १९५८ साली तेथे सुखना नावाचे तळे बांधण्यात आले. पंधराएक वर्षांतच त्याच्या साठवणीचा अर्ध्याहून अधिक भाग गाळाने भरला. हा गाळ येतो कोठून, याचा शोध मृदसंधारण केंद्रातील शास्त्रज्ञ पी. आर. मिश्र आणि त्यांचे सहकारी घेऊ लागले, आणि तो शोध त्यांस शिवालिक टेकड्यांतील सुखोमाजरी या लहानशा गावी घेऊन गेला. गावाची गुरे व बकऱ्या उघड्या टेकड्यांवर चरत, आणि तेथली माती दरवर्षी खाली येई.

आधी चर खणून, बांध घालून, झाडे लावून पाहिले. गावास त्यात गोडी नव्हती, कारण लाभ सारा शहराचा. पुढे १९७६ च्या सुमारास गावाजवळ एक लहान मातीचे धरण झाले आणि त्याचे पाणी गावच्या शेतांस मिळू लागले. तेव्हा चित्र पालटले. डोंगर राखला तर धरणात गाळ येणार नाही, धरण राखले तर आपले पीक वाचेल, हे प्रत्येक घरास समजले. लोकांनी आपण होऊन मोकाट चराई बंद केली. कुंपण घालावे लागले नाही. गावचा शब्द हेच कुंपण झाले. बकऱ्या कमी झाल्या, दावणीवर बांधलेल्या म्हशी वाढल्या. टेकडीवर भाभर गवत वाढले, ते कागद गिरण्यांस विकले जाऊ लागले.

या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. धरणाच्या पाण्यात गावातील प्रत्येक कुटुंबास सारखा हिस्सा ठरवण्यात आला. ज्यास शेतजमीनच नाही त्यासही. भूमिहीनाने आपला हिस्सा दुसऱ्यास विकावा, अशी मुभा होती. ज्याची बकरी डोंगरावर चरत होती त्यालाच हिस्सा नसता, तर त्याने करार पाळला नसता. भागीदारीच्या पेढीत श्रम देणाऱ्या भागीदारासही नफ्यात वाटा असतो, तसेच हे झाले. पुढे या गावाच्या सामूहिक उत्पन्नावर प्राप्तिकराची मागणी झाली, हेही नमूद करण्यासारखे आहे. करप्रकरणाचा अनुभव असलेले आमचे सभासद त्यावर मंद हसतील. परंतु उजाड टेकडी कर बसण्याइतकी कमावू लागली, याचा हा सरकारी पुरावाच म्हणावयाचा.

महाराष्ट्रातील दोन गावे

महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ अनेकांनी अनुभवला. त्या वेळी पुण्याचे एक कारखानदार व अभियंता विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात हिंडले आणि नायगाव येथे देवस्थानची उजाड जमीन कराराने घेऊन त्यांनी पाणलोटाचे काम उभे केले. तेथून ‘पाणी पंचायत’ निघाली. तिचे नियम थोडे व स्पष्ट होते. पाणी जमिनीच्या मापाने न देता कुटुंबातील माणसांच्या मापाने द्यावयाचे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाही. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क. उसासारखे फार पाणी पिणारे पीक घ्यावयाचे नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी स्वतः द्यावयाचा. हा शेवटचा नियम एका कारखानदाराच्या व्यवहारबुद्धीचा निदर्शक आहे. ज्यात आपला पैसा गुंतलेला नाही, त्याची राखण कोणी मनापासून करीत नाही.

दुसरे गाव हिवरे बाजार. पूर्वी अहमदनगर व आता अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील या गावी पाऊस सुमारे ४०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. रोजगारासाठी माणसे गाव सोडून जात होती. १९८९-९० पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली. भोवतालच्या टेकड्यांवर समतल चर खणले, झाडे लावली. चराई बंद, पण गवत कापून नेण्यास मोकळीक, म्हणून गुरांचा चारा उलट वाढला. या गावाचा खरा विशेष याच्या पुढचा आहे. तेथे दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. किती पाऊस झाला, विहिरींत किती पाणी आहे, माणसांस व जनावरांस किती लागेल, उरलेल्यात कोणती पिके घ्यावयाची, हे ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी झाला तर पिके कमी. शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास बंदी आहे. आम्ही दिवाळीस वहीपूजन करतो. हे गाव पाण्याचे वहीपूजन करते, असे म्हटले तर वावगे होऊ नये. श्री. पवार यांस २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

न्यूयॉर्कसारख्या धनाढ्य शहरानेही हाच मार्ग स्वीकारला आहे. त्या शहराचे पाणी दूरच्या कॅट्‌स्किल डोंगरांतून येते. ते अशुद्ध होऊ लागले तेव्हा अनेक अब्ज डॉलरांचा शुद्धीकरण कारखाना बांधावा, की डोंगरातील शेतकऱ्यांस व गावांस पैसा देऊन पाणलोटच निर्मळ राखावा, असा प्रश्न उभा राहिला. १९९७ साली शहराने वरच्या गावांशी करार केला आणि दुसरा मार्ग पत्करला, कारण तो स्वस्त होता. येथे परोपकाराचा प्रश्न नव्हता. शुद्ध हिशेब होता.

महाजनांची परंपरा आणि आजचे काम

पावागडाच्या पायथ्याशी व्यापारी महाजनांची जी आख्यायिका घडली, ती आमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. महमूद बेगड्याच्या काळी दुष्काळ पडला. ‘शाह’ ही पदवी मिरवावयाची असेल तर वर्षभर लोकांस अन्न द्या, असे आव्हान सुलतानाने चांपानेरच्या महाजनांस दिले. महाजन गावोगाव फिरले, कोणी किती दिवसांचे धान्य द्यावयाचे त्याची टीप करू लागले, आणि हडाळा गावच्या खेमो देदराणी नामक साध्या वेषातील वाण्याने एकट्याने वर्षभराचा भार उचलला. कथा आख्यायिका आहे. परंतु तिच्यात महाजनसंस्थेची रीत नेमकी उतरली आहे. संकट सर्वांचे, यादी सर्वांची, आणि ज्याची ऐपत अधिक त्याचा वाटा अधिक.

ती रीत आजही जिवंत आहे. सुरतचे हिरेव्यापारी मथुरभाई सवाणी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस भावनगर भागातील आपल्या खोपाळा गावी शहरात गेलेल्या गावकऱ्यांचा पैसा व गावात राहिलेल्यांचे श्रम एकत्र करून बंधाऱ्यांची मालिका उभी केली. पुण्यात १९८५ साली श्री. शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने महाराष्ट्रातील दुष्काळी भागांत तलावांतील गाळ काढण्याचे काम हाती घेतले. २०१८ साली बुलढाणा जिल्ह्यातील मोहिमेत यंत्रे संघटनेने दिली, इंधन सरकारने, आणि निघालेला गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने आपल्या शेतांवर नेऊन टाकला. गुजरातेतही २०१८ पासून ‘सुजलाम् सुफलाम्’ जल अभियानात सरकार व लोकसंस्था खर्च वाटून घेऊन तलाव खोल करीत आल्या आहेत. आमच्या शेजारच्या दाहोद भागात हरनाथ जगावत यांच्या सद्‌गुरू प्रतिष्ठानने १९७४ पासून आदिवासी गावांच्या सहकारी मंडळ्या उभ्या करून बंधारे व उपसा सिंचन चालवले आहे.

या सर्व कामांचे मोल मोठे आहे. तथापि एक सावधगिरी सांगितली पाहिजे. गाळ काढणे हे सर्वांत दिसणारे व सर्वांत लवकर होणारे काम आहे. यंत्र आणले की महिन्याभरात तळे खोल होते आणि छायाचित्रही निघते. डोंगरमाथ्यावरचे चर, गवत आणि चराईचा करार ही कामे हाताने व वर्षानुवर्षे करावी लागतात, आणि त्यांचे छायाचित्र तितकेसे उठावदार येत नाही. परंतु वरचे काम न करता खालचा गाळ काढीत राहणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरीत राहण्यासारखे आहे.

आपल्या पाणलोटासाठी काय करता येईल

बडोद्याच्या पाणलोटाचा विचार करताना आधी मर्यादा स्पष्ट करणे योग्य. पावागडाचे उतार कितीही चांगले राखले, तरी शहरावरच एका दिवसात २० इंच पाऊस पडला तर शहरात पाणी भरणारच. शिवाय नदीचे पाणलोट केवळ डोंगराचे नाही. मधली सपाट शेते आणि शहराची स्वतःची जमीनही त्यात मोडते. शहरातील जुनी तळी व नदीकाठची कोतरे ही पुराचे पाणी सामावून घेणारी जागा आहे. तेथे भराव घालून इमारती उभ्या केल्या तर डोंगरावरचे हजार चरही ती उणीव भरून काढणार नाहीत. नदीत शेकडो मगरी व असंख्य कासवे राहतात, तेव्हा काठाचे काम करताना त्यांच्या जीविताचा विचार आमच्या समाजाने तरी विसरू नये. या मर्यादा मान्य करूनही, आजव्यातील गाळ कमी होणे, पायथ्याच्या विहिरींस उन्हाळ्यात पाणी राहणे आणि नेहमीच्या पावसात नदीचा लोंढा सौम्य होणे, एवढा लाभ पाणलोटाच्या कामातून मिळण्याजोगा आहे.

डोंगर वनखात्याच्या अखत्यारीत आहे. तेथे बाहेरच्या कोणी फावडे घेऊन जाणे ना शक्य, ना इष्ट. गुजरात सरकारने १९९१ सालीच गावांच्या समित्यांस वनरक्षणात भागीदार करून घेण्याचे धोरण जाहीर केले होते. म्हणून मार्ग आहे तो वनखाते, पायथ्याची गावे आणि शहर अशा तिघांच्या भागीदारीचा. त्यात व्यापाऱ्यांचा वाटा आम्हांस चार बाबींत दिसतो.

पहिली बाब चाऱ्याची. आमच्या समाजाच्या पांजरपोळांस व गोशाळांस वर्षभर सुके गवत लागते आणि ते बाजारातून घ्यावे लागते. ज्या गावाने आपला उतार चराईपासून राखला, त्या गावचे कापलेले गवत पांजरपोळांनी ठरल्या भावाने, हंगामाआधी करार करून घ्यावे. त्यामुळे जीवदयेच्या निधीतील तोच रुपया गुरेही जगवील आणि डोंगरही. गावास भिक्षा मिळणार नाही, गिऱ्हाईक मिळेल. आणि खात्रीचे गिऱ्हाईक असले की माल राखला जातो, हे आम्हांस दुसऱ्याने सांगावयास नको.

दुसरी बाब देखभालीची. बंधारा बांधण्यास देणगी मिळते, त्यावर नावाची पाटीही बसते. पण तिसऱ्या वर्षी त्याचे दगड निसटले की ते बसवण्यास कोणी नसते. संघाने नवे बांधकाम करण्यापेक्षा देखभालीचा कायम निधी ठेवावा, त्याचे मुद्दल न मोडता केवळ व्याज खर्च करावे, आणि गावानेही आपल्या वाट्याचे श्रम त्यात घालावेत. पाटी नसलेले दान अधिक श्रेष्ठ, ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही.

तिसरी बाब हिशेबाची. गावच्या समित्या बहुधा पैशाअभावी मोडत नाहीत. हिशेबाविषयी संशय आला की मोडतात. रोजमेळ, खतावणी व वार्षिक ताळेबंद स्वच्छ ठेवण्याची कला आमच्या घरात वंशपरंपरेने आली आहे. आमच्या तरुण मंडळींनी वर्षातून काही दिवस गावच्या समितीस वह्या लिहिण्यास शिकवावे, आणि तो हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. पैशापेक्षा ही देणगी अधिक टिकेल.

चौथी बाब आपल्या स्वतःच्या घराची. छपरावरचे पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात वा जुन्या विहिरीत उतरवावे. पेठेतील वा सोसायटीतील तळ्यावर भराव पडत असेल तर महाजनांनी एकत्र येऊन वेळीच बोलावे. आमच्या घरच्या स्त्रियांनी पाणी गाळून व जपून वापरण्याचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. एका तांब्यापुरता असलेला तो विवेक आता साऱ्या नदीपर्यंत न्यावयाचा आहे.

या चारही बाबींत एक सूत्र आहे, तेच या लेखाचे तात्पर्य. डोंगराजवळ राहणारा माणूस आपली गुरे आवरतो, कुऱ्हाड खाली ठेवतो, तेव्हा तो शहरासाठी काही सोडत असतो. त्या त्यागाचा मोबदला त्यास मिळणे हा त्याचा हक्क आहे. ज्यास आपण केवळ दान देतो तो उपकाराखाली राहतो, आणि उपकाराचे ओझे वाटले की तो पाठ फिरवतो. ज्यास आपण भागीदार करतो तो पेढी आपली मानतो. सुखोमाजरीच्या भूमिहीनास पाण्याचा हिस्सा मिळाला म्हणून चंदीगडच्या तळ्यात जाणारी माती थांबली. पावागडाच्या पायथ्याच्या शेतकऱ्याचा हिस्सा कोणता, हे ठरवण्याची चर्चा आमच्या संघाच्या येत्या सभेत व्हावी, अशी आमची नम्र सूचना आहे. कार्यवाहांनी विषयपत्रिकेत तिला स्थान द्यावे, पांजरपोळाच्या विश्वस्तांनी गेल्या वर्षी किती गवत कोणत्या भावाने घेतले याचे आकडे सभेपुढे आणावेत, आणि पायथ्याच्या एकदोन गावांतील पंचांस त्या सभेचे आमंत्रण द्यावे. भागीदारीचा करार दोन्ही पक्ष समोरासमोर बसल्यावाचून होत नसतो.